आंजीच्या पुढे समुद्र

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत मला खोली कुणी देत नव्हतं. एकटी मुलगी, लग्न नाही, पगाराची नोकरी नाही, आणि सामानात पत्रकं काढायचं सायक्लोस्टाइल मशीन. घरमालक त्या मशीनकडे असे बघत, जणू मी त्यांच्या ओसरीत बाँब ठेवते आहे. एकाने सरळ विचारलं, "वडील काय करतात?" खोली मला पाहिजे होती, वडिलांना नव्हे. मी तसं सांगितलं. खोली गेली.

ही ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. नवव्या घरी एक साठीकडे झुकलेले किराणा दुकानदार भेटले. धोतर, वर खाकी हाफशर्ट, कानावर पेन्सिल. सगळी वस्ती त्यांना काकाजी म्हणायची. त्यांनी मशीनला एक टिचकी मारली.

"हे काय छापते?"

"पत्रकं. बायकांच्या हक्कांची."

"बरं. तुमी समुद्र पाह्यला काय?"

मला वाटलं, माझी टिंगल चालली आहे. मी तोडून टाकलं, "पाहिलाय. मोर्चाला मुंबईला गेले होते तेव्हा."

"कसा हाय?"

"खारट."

काकाजी इतके हसले की कानावरची पेन्सिल खाली पडली. आत वळून त्यांनी आवाज दिला, "ऐकून राह्यली काय वो? ही पोरगी चाखून आली! खोली देऊन टाकतो इले." माझ्या वडिलांचं नाव त्यांनी पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही.

पुढे कळलं की तो प्रश्न ते सगळ्यांना विचारत. दुकानात मुंबईहून आलेला जावई शिरला की तेल-साखर राहिली बाजूला, आधी समुद्र. मिलिटरीतून सुटीवर आलेला मुलगा असो की रेल्वेचा गार्ड, त्यातून सुटका नव्हती. "कसा हाय?" कुणी सांगे, मोठा. कुणी सांगे, निळा. कुणी हात पसरून दाखवी आणि तसेच पसरलेले हात घेऊन गप्प उभा राही. काकाजी प्रत्येकाचं नीट ऐकून घेत आणि माणूस गेला की मान हलवत. "चाळीस जणांले विचारलं, चाळीस समुद्र निघाले. पाहू मंग. पाहल्यावर बोलू."

ही "पाहल्यावर बोलू" त्यांची म्हण होती. मंत्री असो, नवीन साबण असो की दुसऱ्याची सून, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ते चांगलं-वाईट काही बोलत नसत. माझ्या चळवळीतल्या अर्ध्या लोकांना हे शिकवायला पाहिजे होतं.

समुद्राचं वेड त्यांना मिठामुळे लागलेलं. जन्मभर त्यांनी खडे मीठ विकलं. नवीन पोतं फोडलं की पहिला खडा स्वतःच्या जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं. "ज्याचा माल विकला त्याचं घर नाई पाह्यलं," म्हणायचे, "हे काई बरं नाई." आठवडी बाजारात माल नेण्यासाठी त्यांच्याकडे एक मॅटाडोर होती. ती घेतली तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की एक दिवस हिने समुद्र गाठायचा. पण गाडी दारात येऊन सहा वर्षं झाली होती आणि समुद्र होता तिथेच होता.

कारण काकू.

काकूंना गाडी लागायची. साधी नाही, भयंकर. वर्ध्याहून आंजीला, म्हणजे स्वतःच्या माहेरी जायचं तरी गाव यायच्या आधी त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा. आणि काकाजींनी ठरवून टाकलं होतं की समुद्र पाहायचा तर दोघांनी, नाहीतर नाही.

मला हे आधी माहीत नव्हतं. मी बघितलं ते इतकंच: शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लागायच्या, रविवारी सकाळी काकाजी मॅटाडोर बाहेर काढायचे, काकूंना मागच्या बाकावर बसवायचे आणि दोन-तीन तासांत काकू अर्धमेल्या होऊन परत यायच्या. असं दर रविवारी. मी तीन रविवार सहन केलं. चौथ्या रविवारी मी मॅटाडोरच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"काकाजी, हा छळ आहे. बाई नको म्हणते आणि तुम्ही तिला दर आठवड्याला ओढत नेता. मी यावर लिहीन."

काकाजींनी इंजिन बंद केलं. उत्तर काकूंनी दिलं, मागच्या खिडकीतून. "मी कदी नको म्हनली वो पोरी? मीच म्हनतो, न्या. सवयीनं बैल बी गाडीले लागते. मी काय बैलाहून गेली?"

मग काकाजींनी मलाही गाडीत घालून आंजीच्या रस्त्याला नेलं आणि ते पट्टे दाखवले. रस्त्याकडेच्या झाडांना सरकारी गेरू-चुन्याचे पट्टे असतातच. त्यांच्यावर काही झाडांना बोटभर रुंद निळा पट्टा होता. कपड्यांना घालायची नीळ, दुकानातलीच. जिथे काकूंना थांबावं लागे तिथल्या झाडाला काकाजी खिशातली नीळ पाण्यात कालवून पट्टा ओढायचे. पहिला पट्टा नाक्याबाहेरच्या चिंचेवर, मग एका कडुनिंबावर, मग पुढच्या बाभळीवर. दोन वर्षांचे रविवार त्या झाडांवर मांडले होते.

मी आणखी भडकले. "म्हणजे बाईचा त्रास तुम्ही भर रस्त्यात रंगवून ठेवलाय? ही जाहीर बदनामी आहे!"

"बदनामी नाई बाई, ही सरहद्द हाय," काकाजी म्हणाले. "पाहा ना, सरकते."

काकू पदरात तोंड दाबून हसत होत्या. "आंजीचे लोक म्हनते, हे कोन्त्या पार्टीचे झाडं रंगवून राह्यले?"

मला त्यांच्याइतकं हसू येत नव्हतं. मला राग येत होता, आणि तो राग बरोबर होता, फक्त पत्ता चुकीचा होता. मी गाडीच्या आत पाहिलं आणि खरा गुन्हेगार सापडला. मागचा बाक. आपल्याकडे बाईला गाडीत बसवायची रीत बघा: पुरुष पुढे, खिडकीशी, वारा खात. बाई मागे, चाकाच्या बरोबर वर, मांडीवर मूल, डोक्यावरून पदर, काच बंद, आणि आदल्या रात्रीपासून उपाशी, कारण खाल्लं तर ओकेल. अशा जागी पहिलवान बसवा, तोही ओकेल. आणि मग सगळे मिळून म्हणणार, बायकांचं पोटच नाजूक. दोष पोटाचा नाही, जागेचा आहे. हे मी काकाजींना तिथेच, बाभळीखाली, पूर्ण पत्रकाच्या भाषेत सुनावलं.

काकाजी विचारात पडले. मग म्हणाले, "पुढं बसवून पाहू. पाहल्यावर बोलू."

पुढच्या रविवारी काकू पुढे बसल्या. खिडकी उघडी, पदर खांद्यावर, पोटात अर्धी भाकर. मागच्या बाकावर मी. आंजी आली, आंजी गेली. त्या दिवशी आम्ही आंजीच्या दोन गावं पुढे गेलो आणि काकाजींनी एका आंब्याला इतका रुंद पट्टा मारला की सगळी नीळ संपली. परत येताना मलाच उलटी झाली, पण तिचा पट्टा काढायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतरचे रविवार मला अजून आठवतात आणि उगाच आनंद होतो. काकाजींइतकी सावकाश गाडी चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. ते कुणालाच ओलांडत नसत. "पुढच्याले पुढं जाण्याचा हक्क हाय," म्हणत बैलगाडीच्या मागेसुद्धा धीराने चालत राहत. पूल आला की उतरून आधी नदी बघून येत, मगच गाडी पुलावर. झाडावर माकड दिसलं तर हॉर्न, ओळखीचा दिसला तर हॉर्न, ओळखीचा नसला तर, "वाईट वाटू नये" म्हणून, हॉर्न.

उपाय सांगणारे तर गल्लोगल्ली होते. कुणी म्हणे लिंबू हुंगा, कुणी म्हणे मुठीत कांदा धरा. एकीने सांगितलं, पोटाला कागद बांधा, हमखास गुण. काकूंनी दुकानातला पुड्यांचा कागद बांधून पाहिला, तो टोचला. मग त्यांनी माझ्या खोलीतून पत्रकांचा एक गठ्ठा उचलला आणि लुगड्याच्या आत बांधला.

"काकू, ती समान मजुरीची पत्रकं आहेत!"

"मंग काय झालं? कागद मऊ हाय तुहा. ऊब येते पोटाले."

माझ्या लिखाणाचा इतका थेट परिणाम कुणावर झालेला नव्हता. त्या रविवारी काकू नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जाम गावाच्या चौरस्त्यापर्यंत गेल्या, एक उलटी न होता. तिथे ट्रकवाल्यांच्या हॉटेलात बसून त्यांनी मिरची-भजी खाल्ली. काकाजी समोर बसून त्यांचा प्रत्येक घास बघत होते, जणू परीक्षेचा निकाल लागतो आहे.

आता आंजीच्या मामांविषयी. मामा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, कापसाची शेती करणारे, मनाचे वाईट नव्हते, पण आवाज बारा बैलांचा. समुद्राच्या सहलीत त्यांचं घरही येणार होतं, शेजारची दोन कुटुंबंही येणार होती आणि सगळे सहा वर्षं वाट पाहून थकले होते. त्या साली शेवटची वेचणी झाली आणि मामा आमच्या ओसरीत येऊन बसले.

"भाऊजी, कापूस निघाला, पोट्टे मोकळे हायेत, गाडी दारात उभी हाय. आता ताईले राहू द्या घरी. आपण जाऊन येऊ. तिच्यासाठी एक बाटली भरून आणू समुद्राची."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. "आन बाटली. अन् तुह्याच वावरात ओत."

सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "मी पाहून येईन अन् मंग? इले काय सांगू? चाळीस जणांले मले सांगता नाई आलं, मले काय सांगता येईन? पुऱ्या जन्माचं सांगणं राहून जाईन आमच्यात."

मामा म्हणाले, "मंग काय समुद्र आटेपर्यंत वाट पाहाची?"

इतका वेळ दाराआड उभ्या असलेल्या मामी, ज्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, हळूच म्हणाल्या, "ताई नाई येत तं मी बी नाई येत." शेजारच्या दोघीही तेच म्हणाल्या. मामांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, जणू हे मी पढवलं होतं. मी पढवलं नव्हतं. पढवायला मला सुचलं असतं तर मी अभिमानाने कबूल केलं असतं.

शेवटी काकूच उठल्या. "जामपर्यंत काई झालं नाई. निघा आता. पुढचं पुढं. ओकली तं ओकली. तिथं काय धुवाले पाणी कमी हाय?"

बारा माणसं निघालो. टपावर अंथरुणं, पिठाचा डबा, तुरीची डाळ, वांगी आणि दोन पोती गोवऱ्या. होय, वर्ध्याहून कोकणात आम्ही गोवऱ्या नेल्या. नदीवर सहल म्हटलं की आमच्याकडे रोडगे आलेच, म्हणजे कणकेचे गोळे गोवरीच्या आरावर भाजून वरणात चुरायचे. घरात चुलीकडे न फिरकणारा पुरुष नदीच्या वाळूत पोचला की रोडग्यांचा बादशहा होतो. घरात का होत नाही, यावर मी प्रवासभर मामांशी भांडत होते. त्यांचं म्हणणं, घरात धूर होतो. मी विचारलं, मग मामींना काय होतं?

काकाजींच्या वेगाने चार दिवस लागले. काकूंना अकोल्याच्या अलीकडे एकदा, नगरजवळ दोनदा थांबावं लागलं. पण त्या तोंड धुऊन पुन्हा पुढच्या जागेवर बसायच्या. "चला," एवढंच. भोरच्या पुढे मात्र घाट लागला. काकाजींनी वरच गाडी उभी केली आणि खाली पाहिलं. रस्ता वाळत घातलेल्या दोरीसारखा वेटोळे घेत डोंगरावरून उतरत होता. आमच्या जिल्ह्यात असा एकही रस्ता नाही. तिथे सराव करायला आमच्याकडे घाटच नव्हता. काकू पहिल्या दोन वळणांतच पांढऱ्या पडलेल्या.

मामा म्हणाले, "झालं. आता?"

मी काकाजींना असं हरलेलं त्या एकदाच पाहिलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्यांनी हळूच म्हटलं, "वापस जाऊ. पुढच्या साली पाहू."

"काऊन वापस?" काकू दार उघडून खाली उतरल्या होत्या. पदर कमरेला खोचून, चपला हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या. "मी पायदळ येतो. उतार हाय, सडक हाय, पाय हायेत. जल्मभर वावरात चालली, हे तं डांबर हाय."

आणि त्या चालू लागल्या. मागोमाग मामी उतरल्या. मग शेजारच्या दोघी, मग पोरी, मग मी. मागे मॅटाडोर पहिल्या गिअरमध्ये, आत पुरुष. समोरून आलेल्या एका ट्रकवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काय काका, गाडी बिघडली का?"

"गाडी ठीक हाय," काकाजी म्हणाले. "वरात हाय."

मी पुष्कळ मोर्चांत चालले आहे. इतका सुंदर मोर्चा मी पुन्हा पाहिला नाही. मागणी नाही, घोषणा नाही, निवेदन घ्यायला येणारा साहेब नाही. पुढे रस्ताभर बायका, मागे त्यांच्या चालीने चालणारी पुरुषांनी भरलेली गाडी. मामी गायला लागल्या. लहानपणी भुलाबाईपुढे म्हणायची गाणी, एकामागून एक. मामा खिडकीतून बघत राहिले. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं म्हणे, "हे आमच्याच घरची हाय ना?" दुपार कलायच्या आत आम्ही घाटाच्या पायथ्याशी होतो, पायांना फोड आणि पोटं ठणठणीत.

पुढे जिथे वळणं आली तिथे काकू उतरल्या, सरळ आलं की बसल्या. दापोली गेली आणि समुद्राच्या गावाचा शेवटचा उतार आला. सकाळची वेळ होती. काकू सगळ्यांच्या पुढे चालत होत्या, मी त्यांच्या दोन पावलं मागे, गाडी आमच्या मागे वळणाआड. म्हणून सगळ्यांच्या आधी समुद्र दिसला तो काकूंना.

त्या थांबल्या. बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून आश्चर्याने म्हणाल्या, "एवढं पानी, अन् एक बी बाई भरून नाई राह्यली!"

मी अनेक पत्रकं लिहिली. पाण्याबद्दल आणि बायकांबद्दल इतकं नेमकं वाक्य मला एकाही पत्रकात लिहिता आलेलं नाही.

मागून काकाजींचा आवाज आला, "दिसला काय? कसा हाय?"

"या खाली," काकू ओरडल्या. "मले सांगता नाई येत!"

काकाजी धोतर सावरत पळत आले. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. काकाजी "पाहल्यावर बोलू" म्हणायचे ना? पाहिल्यावर ते काहीच बोलले नाहीत.

आता आमची चूक. ती फक्त वर्ध्याकडचीच माणसं करू शकली असती, आणि मला ती लपवायची नाही. किनाऱ्यावर पोचलो तर समोर ही लांबरुंद ओली, कडक वाळू. आम्हाला ती लगेच ओळखीची वाटली. आमच्या नद्या उन्हाळ्यात अशाच असतात. पात्रात गाडी न्यायची, मधोमध सोडायची, वाळूत झिरा खणून गोड पाणी काढायचं, रोडगे लावायचे. काकाजींनी टाचेने वाळू दाबून पाहिली, "पक्की हाय," म्हणाले आणि मॅटाडोर सरळ आत नेऊन पाण्यापासून शंभर पावलांवर उभी केली. मामांनी झिरा खणला, ओंजळ भरून प्यायले आणि थुंकले. काकाजींनी त्यात बुडवलेलं बोट जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. "माल असली हाय," म्हणाले.

गोवऱ्या पेटल्या, रोडगे लागले, पुरुष बादशहा झाले. बायका पाण्यात होत्या. आरावर रोडगे फुगत होते आणि मामा वरणाला फोडणी देत होते, तेवढ्यात त्यांच्या पायाला पाणी लागलं. त्यांनी चूल दहा पावलं मागे नेली. पाणी तिथेही आलं.

"वरतून कोनं धरण सोडलं वाटते!" मामा ओरडले.

काकाजी आभाळाकडे बघत होते. "ऊन तापून राह्यलं, पाऊस नाई, ढग नाई. मंग पूर कायचा?"

तोवर लाट मॅटाडोरच्या पुढच्या चाकाला लागली होती. वरून कोळी धावत आले. "ओ पाव्हणे! गाडी काढा! भरती लागलीय, भरती!"

गाडी रुतली होती. दोर आणले, पंधरा कोळी, आम्ही सगळे, मामा कमरेइतक्या पाण्यात, हातात अजून वरणाचा डाव. अर्धे रोडगे तरंगत गेले. ओढून ओढून गाडी माडांखाली आणली तेव्हा तिच्या पोटातून पाणी गळत होतं. मामांनी एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं, "हे असं कवाकवा येते?"

"दिवसातून दोनदा."

"दोनदा? रोज? अन् सोडते कोन?"

काकाजी वाळूत बसले होते, शरमून. "चाळीस जणांले विचारलं," ते म्हणाले, "समुद्राले बिन पावसाचा पूर येते, हे एकानं बी नाई सांगतलं." आणि काकू गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना ओसरीत कधी ऐकलं नव्हतं. तिथे हसायचं ते पदरात असायचं.

गाडी दुरुस्त करायला तालुक्याहून मिस्त्री आला. म्हणाला, खारं पाणी आहे, सगळं खोलून धुवावं लागेल, दोन दिवस. आम्ही एका नारळवाल्या बाईंच्या पडवीत मुक्काम टाकला. त्या उकड्या तांदळाचा भात घालायच्या आणि "काय हो, एवढ्या लांबून शेण आणलंत?" म्हणून आमच्या उरलेल्या गोवऱ्यांकडे बघत राहायच्या. मामांना घरच्या बैलांची चिंता, काकाजींना आपण सगळ्यांना अडकवून ठेवल्याची. ते सकाळीच माडांखाली जाऊन मिस्त्रीच्या डोक्याशी बसत. पाण्याकडे पाठ, इंजिनाकडे तोंड. "लवकर कर बाप्पा. माणसं खोळंबली."

दुपारी ते जेवायला आले की काकू तिकडे जायच्या. एकदा मीही सोबत होते. काकूंनी मिस्त्रीसमोर दोन रोडगे ठेवले.

"कदी होते रे गाडी?"

"उद्या होईल, आजी."

"उद्या? काऊन, घाई हाय काय तुले? नीट कर. चार दिवस लाव. पाच लाव."

मिस्त्रीने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाई सांगतेय ना? ऐका."

परत येताना मी काकूंना विचारलं, की घरची आठवण येत नाही का? काकू म्हणाल्या, "येते ना. पन पाहून नाई झाला अजून. समुद्र सकाळी येगळा असते, दुपारी येगळा. एक दिवसात कोन पाहून घेईन याले?"

मिस्त्रीने पाच दिवस लावले. सकाळी काकाजींचं ऐकून वेगाने काम करायचा, दुपारी काकूंचं ऐकून हळू. सहाव्या दिवशी गाडी एका झटक्यात सुरू झाली. काकाजींचा चेहरा उजळला. अंथरुणं टपावर गेली, माणसं आत बसली, पुढची जागा काकूंसाठी मोकळी. काकू नव्हत्या.

त्या पाण्यात होत्या, आमच्याकडे पाठ करून. काकाजींनी हॉर्न वाजवला. मामांनी बारा बैलांच्या आवाजात हाक मारली, "ताई, चाल वो! चार दिवसाचा रस्ता हाय!" काकू वळल्या नाहीत. मग मी बोलवायला गेले.

काकूंनी समोर बघतच सांगितलं, "त्याईले म्हन, पाच दिवस गाडीखालीच बसले तुमी. आले कायले मंग? उतरा म्हना."

मी आले आणि शब्द न बदलता सांगितलं. काकाजींनी क्षणभर काकूंच्या पाठीकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मामांच्या हातात ठेवली.

"भाऊजी, हे काय? घर? दुकान?"

"घाई असंन तं जा तुमी," काकाजी म्हणाले. धोतर गुडघ्यांवर खोचून ते पाण्याकडे चालू लागले, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मामा किल्ली घेऊन उभे राहिले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती.